दातांची निगा

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भंडारा शहर येण्यापूर्वी, शहापूर नावाचे गाव लागते. आसपासचा सारा मुलूख धानाच्या शेतांचा आणि जुन्या तलावांचा आहे. शहापूर काय किंवा महाराष्ट्रातील दुसरे कोणतेही गाव काय, पहाट झाली की घरोघर एक काम सुरू होते. कोणी अंगणात उभा राहून ब्रशाने दात घासतो. कोणी आजोबा ओट्यावर बसून कडुनिंबाची काडी चावतात. कोणी आजी तळहातावर राखुंडी घेऊन बोटाने दात चोळते. साधने निरनिराळी असली, तरी सर्वांचा हेतू एकच असतो. आणि तो म्हणजे दात स्वच्छ राहावेत.

असे असूनही पुष्कळ माणसांच्या तोंडाचे म्हातारपणी बोळके होते. मग ती माणसे हसून म्हणतात, "दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत!" या म्हणीत दैवाला दोष दिलेला आहे; पण दातांच्या बाबतीत दैवाचा दोष फार थोडा असतो. केवळ वय वाढले म्हणून दात पडत नाहीत. ते बहुधा दोन कारणांनी जातात. एक, दाताला लागलेली कीड. आणि दुसरे, हिरड्यांचा रोग. या दोन्ही गोष्टींना बऱ्याच अंशी आळा घालता येतो, आणि तो घालण्याचे काम लहान वयातच सुरू करावे लागते.

दात म्हणजे तोंडात रोवलेला नुसता दगड नव्हे. त्याची रचना मोठी कौशल्याची आहे. हिरडीच्या वर जो भाग दिसतो, त्यावर एक चकचकीत, कठीण कवच असते. त्याला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात. मनुष्याच्या शरीरात याच्याइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. हाडदेखील त्याच्यापेक्षा मऊ असते. या कवचाच्या आत किंचित पिवळसर आणि थोडा मऊ असा थर असतो. त्याच्याही आत, अगदी मध्यभागी, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांनी भरलेला नाजूक गाभा असतो. दाताचे मूळ जबड्याच्या हाडात खोल गेलेले असते आणि हिरडी त्याला गळ्याशी घट्ट कवटाळून बसलेली असते. झाडाला जशी माती, तशी दाताला हिरडी आणि तिच्याखालचे हाड. माती वाहून गेली, तर कितीही बळकट झाड उभे राहत नाही.

मनुष्याला दात दोनदा येतात. पहिल्या खेपेचे दुधाचे दात वीस असतात. दुसऱ्या खेपेचे कायमचे दात बत्तीस असतात: आठ पटाशीचे दात, चार सुळे, आठ उपदाढा आणि बारा दाढा. सहाव्या वर्षाच्या सुमारास, सर्व दुधाच्या दातांच्या मागे, पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून ती केव्हा आली हे बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानातही येत नाही. "दुधाचीच असेल, पडेल आणि नवी येईल," असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि पुष्कळ मुलांच्या तोंडात पहिली कीड तिलाच लागते. वास्तविक ही दाढ जन्मभराची सोबतीण असते. दहा ते बारा या वर्षांत उरलेले दुधाचे दात पडतात, आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी कायमची दाढ दिसू लागते. म्हणजे अक्कलदाढा सोडल्या, तर सहावी-सातवीतील मुलाच्या तोंडात त्याचे आयुष्यभराचे धन जमा होत आलेले असते. त्यानंतर निसर्ग नवा दात देत नाही.

या धनाचा चोर कोण, हे माणसाला फार उशिरा कळले. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी आंतोनी फान लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्म वस्तू पाहण्याचा त्याला छंद होता. तो रोज सकाळी मिठाने दात घाशी. त्याचे दात इतरांपेक्षा स्वच्छही होते. तरीपण आपल्या दातांच्या फटींत थोडासा पांढरा, पिठासारखा पदार्थ राहतो, हे त्याने पाहिले. तो पदार्थ स्वच्छ पाण्यात कालवून त्याने भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना त्याला दिसले. ही हकीकत त्याने इ. स. १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. ज्याने जन्मात कधी दात घासले नव्हते, अशा एका वृद्धाच्या दातांवरील मळही त्याने तपासला. त्यात तर या जीवांची गर्दी विलक्षण होती.

हे सूक्ष्म जीव म्हणजेच जंतू. ते प्रत्येकाच्या तोंडात असतात आणि दातांवर एक पातळ, चिकट थर धरून राहतात. नुसत्या चूळ भरण्याने तो थर निघत नाही. माणूस गोड किंवा पिठूळ पदार्थ खातो, तेव्हा या जंतूंनाही मेजवानी मिळते. साखर खाऊन ते आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दंतवल्कातील क्षार विरघळवू लागते. इ. स. १८९० मध्ये विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने आपल्या ग्रंथात हा कार्यकारणभाव मांडला. दाताला लागते ती "कीड" म्हणजे कोणी अळी नव्हे. ते या आम्लाने पडलेले भोक असते.

तोंडात आम्ल वाढले, तरी त्यावर निसर्गाने एक उपाय ठेवलेला आहे. तो म्हणजे लाळ. खाणे संपल्यावर सुमारे अर्ध्या ते एका तासात लाळ आम्लाचा जोर मोडते आणि दाताच्या पृष्ठभागावर क्षार पुन्हा बसवू लागते. परंतु तिला तेवढी उसंत मिळाली पाहिजे. एखादा मुलगा जेवणाबरोबर लाडू खातो आणि नंतर काही खात नाही. दुसरा तेवढीच साखर चॉकलेट-गोळ्यांच्या रूपाने दिवसभर चघळत राहतो. दोघांनी साखर सारखीच खाल्ली, पण दुसऱ्याच्या दातांना आम्लापासून घटकाभरही सुटका मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्ले याइतकेच, किती वेळा खाल्ले हेही महत्त्वाचे आहे. रात्री झोपेत लाळ फार कमी सुटते. त्यामुळे रात्री दात न घासता झोपणे म्हणजे पहारेकरी घरी गेल्यावर दार उघडे टाकण्यासारखे आहे.

तो चिकट थर हिरडीच्या कडेला साचून राहिला, तर दुसरे संकट उभे राहते. हिरडी लाल होते, सुजते आणि घासताना तिच्यातून रक्त येते. पुढे थर घट्ट होऊन त्याचे किटण बनते. ते ब्रशाने निघत नाही. दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. तसेच राहू दिले, तर काही लोकांमध्ये हिरडी दातापासून सुटते, आतील हाड झिजते आणि न किडलेला, धडधाकट दातही हलू लागतो. यात भीतीची गोष्ट अशी की, या साऱ्या काळात बहुधा वेदना होत नाहीत.

भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. या भागात पूर्वजांनी बांधलेले शेकडो मालगुजारी तलाव आहेत. तलावाच्या पाळीला पाझर लागतो, तेव्हा प्रथम जमीन नुसती ओलसर दिसते. त्याच दिवशी चार टोपल्या माती टाकून ती दाबली, तर काम भागते. "पाहू उद्या" म्हणून टाळाटाळ केली, तर पाळ एके दिवशी फुटते आणि मग सारे गाव धावून आले तरी पाणी थांबत नाही. हिरडीतून येणारे रक्त हा असाच पहिला ओलावा होय.

हा ओलावा वेळीच ओळखला, तर काय साधते, याचे एक सुंदर उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आहे. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड ल्यो या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा माणसांनी दात घासणे पूर्णपणे थांबवले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा नियमाने दात घासण्यास प्रारंभ केला, आणि सुमारे आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत निरोगी झाल्या. हा प्रयोग इ. स. १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग कशाने होतो आणि कशाने जातो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याने एकाच वेळी दिली. त्यात कोणतेही महागडे औषध नव्हते. होती ती केवळ रोजची सफाई.

यावरून आणखी एक बोध होतो. हिरडीतून रक्त आले की पुष्कळ मुले भिऊन त्या जागी ब्रश लावणेच सोडून देतात. हे अगदी उलट होय. रक्त येते ते बहुधा तेथे मळ साचल्यामुळे. म्हणून त्याच जागी हलक्या हाताने, पण अधिक लक्षपूर्वक घासले पाहिजे. आठ-दहा दिवसांत रक्त थांबले नाही, तर मात्र दंतवैद्याला दाखवावे.

हिरडी अशी क्षमाशील आहे. दात तसा नाही. दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दात उगवण्याबरोबरच नाहीशा होतात. म्हणून कातडीची जखम जशी भरून येते, तसे दाताचे भोक भरून येत नाही. कीड अगदी आरंभी, नुसत्या पांढुरक्या डागाच्या रूपात असते, तेवढ्यात लाळ आणि फ्लोराइड यांच्या साहाय्याने तो डाग सावरू शकतो. एकदा खड्डा पडला की तो दंतवैद्याने भरल्यावाचून गत्यंतर नाही. तोही भरला नाही, तर कीड गाभ्यापर्यंत पोहोचते आणि मग रात्रभर झोप न येऊ देणारी कळ सुरू होते. ज्याला दाढदुखीचा अनुभव आहे, त्याला तिचे अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

म्हणून दातांची निगा ही रोजच्या रोजच झाली पाहिजे. तिची रीत सोपी आहे. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा, असे दोन वेळा दात घासावेत. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा असावा. त्यावर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. ब्रशाचे केस हिरडी आणि दात जेथे मिळतात, त्या कडेकडे किंचित तिरपे धरावेत आणि जागच्या जागी लहान लहान हालचाली कराव्यात. प्रथम दातांची बाहेरची बाजू, मग आतली बाजू, मग दाढांचा चावण्याचा पृष्ठभाग, असा क्रम ठेवला म्हणजे कोणतीही जागा सुटत नाही. या साऱ्याला दोन मिनिटे लागतात. शेवटी जीभ हलकेच स्वच्छ करावी. पेस्ट थुंकून टाकावी. ती गिळू नये. दोन दातांमधील फटीत ब्रश पोहोचत नाही. तेथे दातांसाठी मिळणारा धागा हळुवारपणे फिरवावा. टाचणी किंवा खिळा मात्र कधीही घालू नये. ब्रशाचे केस वाकले, किंवा तीन-चार महिने झाले, की ब्रश बदलावा. एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरू नये.

जोराने घासले म्हणजे दात अधिक स्वच्छ होतात, हा मोठा गैरसमज आहे. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. काळवंडलेले पितळ राखेने खसखसून घासले की सोन्यासारखे झळकते. पण ते झळकते, कारण घासताना वरचा अगदी पातळ थर निघून जातो. पितळेचे भांडे जाड असते आणि झिजले तर ते मोडीत देऊन नवे आणता येते. दाताचे कवच फार पातळ असते आणि ते मोडीत देण्याची सोय नाही. म्हणून विटेची पूड, कोळसा, वाळू किंवा भरड राखुंडी दातांना लावू नये. मशेरी आणि गुडाखू तर त्याहून वाईट. कारण त्यांत तंबाखू असते. भारत सरकारने इ. स. १९९२ मध्ये दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास बंदी केली, ती याच कारणाने.

मग आजोबांची कडुनिंबाची काडी वाईट काय? मुळीच नाही. दातवणाची आपली परंपरा फार प्राचीन आणि विचारपूर्वक घडलेली आहे. चरकसंहितेत दातवण दिवसातून दोन वेळा करावे, त्याचे टोक चावून मऊ करावे आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत दातवण बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ आणि बिनगाठीचे असावे, असे म्हटले असून कडू चवीच्या दातवणांत कडुनिंबाला श्रेष्ठ मानले आहे. दोन वेळा घासणे, मऊ टोक आणि हिरडीची काळजी, या तिन्ही गोष्टी आजचा दंतवैद्यही सांगतो. काडीची उणीव एवढीच की ती दातांच्या आतल्या बाजूला नीट पोहोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसते. म्हणून ज्याला दातवण आवडते, त्याने ते खुशाल करावे. पण ब्रश आणि पेस्ट यांना रजा देऊ नये.

या साऱ्या काळजीवर पाणी ओतणारी एक गोष्ट पूर्व विदर्भात फार पसरली आहे. ती म्हणजे खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून तो तयार करतात. मोठी माणसे तो खातात, म्हणून काही मुलेही "एकदा चाखून पाहू" म्हणतात. सुपारीने दात झिजतात. तंबाखूची गोळी जेथे दाबून धरतात, तेथे हिरडी दातावरून खाली सरकते. याहून भयंकर गोष्ट निराळीच आहे. सुपारीने गालाच्या आतील मऊ अस्तर हळूहळू ताठर होते. प्रथम तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. मग तोंड पूर्ण उघडेनासे होते. शेवटी दोन बोटे आत जाणेही कठीण होते. गालाचा तो ताठरपणा पुरता जात नाही. हिरडी क्षमा करते; हे अस्तर क्षमा करीत नाही. तंबाखू आणि सुपारी या दोन्हींमुळे कर्करोग होतो, हेही सिद्ध झालेले आहे. इ. स. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूचे पदार्थ विकण्यास, तसेच शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ते विकण्यास मनाई आहे. पण दुकानदाराला कायदा अडवील, मनाला कोण अडवणार? मित्राने खर्रा पुढे केला असता "मला नको" हे शब्द स्पष्ट उच्चारण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे, त्याचेच दात, हिरड्या आणि तोंड सुरक्षित राहते.

दात दुखत नसले, तरी ते वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम इ. स. २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखाली सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची आरोग्यतपासणी होते आणि तीत दातही पाहिले जातात. पथक शाळेत आले असता लाजून मागे राहू नये. तोंड मोकळेपणाने उघडावे आणि काही दुखत-खुपत असल्यास सांगावे. अधिक उपचार लागले, तर भंडारा जिल्ह्यातील मुलांना नागपूर फार दूर नाही, तेथे इ. स. १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

बाराव्या वर्षी मनुष्याच्या हाती फारशी संपत्ती नसते. शेत वडिलांच्या नावावर असते, घर आजोबांनी बांधलेले असते. पण त्याच्या मुखातील दात हे सर्वस्वी त्याचे स्वतःचे असतात. त्यांच्या रक्षणासाठी पैसा फार लागत नाही, बळ लागत नाही, विद्वत्ताही लागत नाही. सकाळची दोन मिनिटे आणि रात्रीची दोन मिनिटे एवढीच किंमत रोज मोजावी लागते. जो ती न चुकता मोजतो, त्याला म्हातारपणी चणे मिळाले असता ते चावून खाण्याची उमेद बाळगता येते.

स्वाध्याय

१. "दात आहेत तर चणे नाहीत" या म्हणीत दैवाला दोष दिला आहे. दातांच्या बाबतीत तो दोष कितपत खरा आहे?
२. पहिल्या कायमच्या दाढेकडे घरात दुर्लक्ष का होते? त्याचा परिणाम काय होतो?
३. हिरडीतून येणाऱ्या रक्ताला तलावाच्या पाळीवरील ओलाव्याची उपमा का दिली आहे?
४. "हिरडी क्षमाशील आहे, दात तसा नाही." हे वाक्य पाठातील माहितीच्या आधारे स्पष्ट करा.
५. पितळेचे भांडे घासणे आणि दात घासणे यांत कोणता फरक सांगितला आहे?
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: आळा घालणे, पाणी ओतणे, गत्यंतर नसणे, तोंडाचे बोळके होणे.
७. उपक्रम: एक आठवडाभर रात्री दात घासल्याची नोंद वहीत ठेवा आणि कोणत्या दिवशी ते राहून गेले, त्याचे कारण लिहा.